घोडी तबेल्यापासून लांब जायला तयार नाही, आणि आता मलाच भीती वाटते

सांजरपेट (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४१. लहानपणी पाच-सहा वर्षं रीतसर घोडेस्वारी शिकले, मग मोठा खंड पडला. दोन वर्षांपूर्वी काजळ घेतली. ९ वर्षांची घोडी, तब्येतीने धडधाकट, रिंगणात अगदी गुणी. दुडकी, कॅंटर (दुडकीहून वेगाची दौड), वर्तुळं, सगळं शांतपणे करते. खरारा करताना डोळे मिटून उभी असते. प्रश्न फक्त बाहेर पडण्याचा आहे.

फाटकाबाहेर साधारण २०० मीटरवर रस्ता वळतो. त्या वळणावर तबेला दिसेनासा होतो. तिथे काजळ थांबते. मान उंच, नाकपुड्या फुगलेल्या, आणि आत राहिलेल्या जोडीदाराला जोरात हाक मारते. टाच दिली की मागे सरकते. आणखी रेटलं की गर्रकन फिरते आणि घराची वाट धरते.

तीन महिन्यांपूर्वी ती अशीच फिरली आणि मी पडले. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. आता पुन्हा बसायला लागलेय, पण तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसतानाच हात कापतात. वळण जवळ आलं की छातीत काहीतरी घट्ट होतं. गेले तीन आठवडे दर वेळी वळणाच्या अलीकडेच उतरले आणि तिला हाताने धरून परत आणलं.

तबेल्यात सगळे सांगतात, 'घाबरू नकोस, तिला कळतं.' ते मलाही माहीत आहे. पण न घाबरायचं कसं, हे कुणी सांगत नाही. घरचे म्हणतात विकून टाक. मला ती विकायची नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

टापा

घोडा का अडला? न फिरवल्यामुळे! लहानपणापासून ऐकतोय ते उगाच नाही. तुमचं प्लास्टर असताना तिला कुणी बाहेर नेत होतं का? की दीड महिना नुसती रिंगण आणि तबेला?

सांजरपेट

बाहेर कुणीच नेलं नाही. मोतद्दार मामा रिंगणात दोरावर फिरवायचे. पण अडायची सवय त्याच्या आधीपासूनची आहे, फक्त आता वाढली आहे.

भरधाव

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घोडीने तुम्हाला जोखलंय. तुम्ही उतरता हे तिला पक्कं ठाऊक आहे. एकदा चाबूक घेऊन बसा, वळणावर दोन सणसणीत द्या आणि पार करा. एकदा तिची जिरली की पुन्हा अडणार नाही. मी दोन घोडे असेच सरळ केलेत.

जुनास्वार

भरधाव, पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे. पुढचं कृपया कुणी करून पाहू नका, आणि मनगट नुकतं जुळलेल्या स्वाराने तर मुळीच नाही. घाबरलेल्या घोड्याला त्याच जागी मार बसला की त्याच्या लेखी एवढंच सिद्ध होतं की ती जागा खरोखरच वाईट आहे. काही घोडे मारून पुढे जातात, मान्य. जे जात नाहीत ते मागच्या पायांवर उभे राहतात. सविस्तर रात्री लिहितो.

वैरण

मी पशुवैद्यक आहे, म्हणून आधी माझा मुद्दा. अडणाऱ्या घोड्याला शिकवायला घेण्यापूर्वी त्याला कुठे दुखत नाही ना, हे बघायलाच हवं. खोगीर बसतं कसं, पाठीचे स्नायू दाबल्यावर ती आखडते का, दातांना धार आली आहे का, खूर आणि नाल ठीक आहेत का. तंग कसताना ती चावायला येते का, शेपूट झटकते का, हे सांगा.

पोटाचंही विसरू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं असलं तरी. तासन्‌तास वैरण न मिळणाऱ्या, दिवसभर आत बांधलेल्या घोड्यांमध्ये जठरातले व्रण खूप आढळतात. असा घोडा बाहेरून चांगला दिसतो, फक्त 'स्वभाव बिघडलाय' असं वाटतं.

'रिंगणात शहाणी आहे म्हणजे दुखत नाही' असा हिशोब मांडू नका. सपाट, ओळखीच्या जागी, सोबत असताना घोडा बरंच सोसून घेतो. एकटा आणि घाबरलेला असताना तेच सोसवत नाही.

सांजरपेट

वैरण, धन्यवाद. तंग कसताना ती कान मागे टाकते हे खरं. मी त्याला तिची सवय समजत होते. आज वाचून फार वाईट वाटलं. या आठवड्यात डॉक्टरांना बोलावते आणि खोगीर तपासून घेते.

जुनास्वार

आता सविस्तर. तीस वर्षं दुसऱ्यांचे बिघडलेले घोडे हाताळले, त्यातले निम्मे तरी याच तक्रारीचे होते.

ही घोडी हट्टी नाही. घोडा कळपातला प्राणी आहे आणि शिकार होणारा प्राणी आहे. दोन्ही बाजूंना डोळे असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांपर्यंतचं दिसतं, आणि हे डोळे दिले आहेत ते धोका लवकर दिसून कळपासकट पळता यावं म्हणून. तबेला म्हणजे सोबत, चारा, विसावा आणि खोगीर उतरण्याची जागा. तुमचं वळण म्हणजे हे सगळं दिसेनासं होण्याची जागा. तिथे पाय थबकणं हे तिच्या दृष्टीने शहाणपणच आहे.

आता शिकवणीचं. घोडा टाचेने शिकत नाही, टाच सुटण्याने शिकतो. दाब दिला आणि त्याने पाऊल टाकलं, त्या क्षणी दाब गेला पाहिजे. दाब जातो त्या क्षणी तो जे करत असेल ते त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. ताई, तुम्ही वळणाच्या अलीकडे उतरलात, तेव्हा वजन गेलं, लगाम सैल झाला आणि तोंड घराकडे वळलं. यापेक्षा मोठं बक्षीस तिच्यासाठी दुसरं नाही. तुम्ही तिला तीन आठवडे नेमकं तेच शिकवलंत. हा दोष देत नाही. उतरलात ते बरोबरच केलंत, कारण त्या स्थितीत वर बसून राहणं धोक्याचं होतं. फक्त उतरल्यावर परत फिरला नसता तर गोष्ट वेगळी झाली असती. उतरून पुढे चालत गेला असता तर उतरणं हे घरी जाण्याचं तिकीट ठरलं नसतं.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे वर बसूच नका. म्होरकी, लांब दोर, हातमोजे, हेल्मेट. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीही नाही. तिच्या खांद्याच्या बाजूने चाला, समोर नको. वळणाकडे जा आणि तिची रेघ कुठे आहे ते शोधा. मान वर जाण्याच्या आधी काहीतरी बदलतं: एक कान घराकडे वळतो, पावलं आखूड होतात, जबडा आवळला जातो. ती जागा २०० मीटरवर नसेल, १२० वर असेल. तिथे थांबा, हाक मारेपर्यंत जाऊ नका. उभं राहू द्या, मानेच्या मुळाशी, आयाळीजवळ खाजवा. तिने मान खाली केली, जिभेने ओठ चाटले, मोठा श्वास सोडला की तुम्ही ठरवून मागे फिरा. ती मागते म्हणून फिरणं आणि ती शांत आहे म्हणून फिरणं, यात सगळा फरक आहे. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे. एखाद्या दिवशी दहा पावलं मागे. चालतं.

दुसरं, घरी पोचल्याबरोबर खोगीर उतरवून चारा पुढे टाकू नका. परत आल्यावर फाटकातून आत या, दोन वर्तुळं घाला, पुन्हा थोडं बाहेर जा, तिथे उभं राहून विसावा द्या. खोगीर कधी फाटकाबाहेर उतरवा, कधी रिंगणात. 'घर आलं की सगळं संपतं' हा नियम मोडायचा आहे.

वर बसाल तेव्हाचं एक, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. ती फिरायला लागली तर दोन्ही लगाम एकदम ओढू नका. मागून टाच आणि पुढून लगाम, असं दोन्ही बाजूंनी कोंडलं की घोड्याला वर जाण्याखेरीज वाट उरत नाही. ती नेहमी एकाच बाजूने फिरत असेल, बघा. डावीकडे फिरत असेल तर उजवा लगाम बाजूला उघडून तिला उजवीकडूनच परत आणा, डावं वर्तुळ पुरं करू देऊ नका. आणि ती कधी मागच्या पायांवर उभी राहिलीच, तर लगाम सैल सोडा, पुढे झुकून मानेला बिलगा. लगामाला लोंबकळलात तर घोडा अंगावर पडतो. असं एकदा जरी झालं तरी एकट्याने पुढचं काम करू नका, जाणकार माणूस बोलवा.

रानवाट

वाचनखूण साठवली. जुनास्वार, एका मुद्द्यावर असहमत. घरी आल्यावर मुद्दाम काम करून घ्यायचा सल्ला मी पूर्वी तंतोतंत पाळला होता. तबेल्याजवळ दमवायचं, लांब गेल्यावर विसावा. माझा घोडा आधीच धास्तावलेला होता. त्याला बाहेरही भीती आणि घरीही त्रास, असं झालं. महिनाभराने तो खोगीर बघूनच कोपऱ्यात जायला लागला.

जुनास्वार

रानवाट, बरोबर बोललात, मीच नीट मांडलं नाही. दमवण्यासाठी काम नको. घाम निघेपर्यंत पळवणं ही शिक्षा झाली, आणि कशाची शिक्षा हे घोड्याला कळत नाही. मी म्हणतोय ती दोन शांत वर्तुळं, चालीत. घर वाईट करायचं नाही, बाहेर चांगलं करायचं. तुमच्या अनुभवानंतर मी तर म्हणेन, घाबऱ्या घोड्याला ती वर्तुळंही नकोत. नुसतं खोगीर उतरवण्याची जागा आणि वेळ बदला.

पायउतार

ताई, घोड्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं, मी तुमच्याबद्दल लिहिते. मी पडले तेव्हा गळपट्टीचं हाड मोडलं. हाड दोन महिन्यांत जुळलं, पण पुन्हा निर्धास्त रपेटीला जायला दीड वर्ष लागलं. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही स्वतःला तारखा देणार नाही.

भीती हा मनाचा कमकुवतपणा नाही. तुमचं शरीर एकदा मोडलंय आणि ते पुन्हा मोडू नये म्हणून सांगतंय. त्याला गप्प बसवायला गेलं की ते आणखी ओरडतं. त्याचं ऐकून घेतलं की थोडं निवतं.

घाबरलो की आपलं शरीर काय करतं ते बघा. श्वास अडतो, मांड्या आवळल्या जातात, टाचा वर येतात, अंग पुढे वाकतं, लगाम आखूड होतो. घोडीला काय कळतं? पायांनी 'चल' आणि हाताने 'थांब', दोन्ही एकदम. ती गोंधळणारच. त्यातून तुमचा श्वास थांबला म्हणजे तिच्या लेखी तुम्हालाही वाघ दिसलाय.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. स्वीडनमध्ये झालेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. माणसांनी घोड्याला हाताने धरून किंवा वर बसून ठरलेल्या अंतरात चार वेळा न्यायचं होतं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, या वेळी घोडा जाताना छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी नुसत्या धास्तीने माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले. त्याहून जुनं उदाहरण बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याचं. तो टापा आपटून गणितं सोडवतो असं लोक मानत. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की उत्तराची टाप आली की विचारणाऱ्याच्या डोक्याची, अंगाची बारीकशी हालचाल व्हायची आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. विचारणाऱ्यांना आपण हललो हे कळतही नव्हतं. मग आपण घोड्यापासून भीती लपवणार कशी? लपवायची नाही, कमी करायची.

मी काय केलं ते सांगते. भीतीला १ ते १० आकडे दिले. ३-४ वर असेन तेवढंच करायचं, ६ झाली की एक पायरी खाली. काही दिवस माझं ३ म्हणजे नुसतं खोगीर चढवून उभं राहणं होतं, तर तेवढंच केलं. वर बसल्यावर श्वास आत घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दिलं: चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. तेही जमेनासं झालं की मोठ्याने पाढे म्हणायचे. बोलताना श्वास कोंडून धरता येत नाही. नजर घोड्याच्या कानांमध्ये न अडकवता लांब, जिथे जायचंय तिथे.

आणि झटकन उतरण्याचा सराव करा. दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, मानेवर हात टेकवून बाजूला उडी. उभ्या घोड्यावरून, मग चालीत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दर वेळी चार-पाचदा. कधीही उतरता येतं हे अंगाला पाठ झालं की मन आपोआप कमी धावतं. घोडीच्या मानेभोवती एक चामडी पट्टा बांधा, तोल गेला की तो धरायचा, लगाम नाही.

पडलात तेव्हाचं हेल्मेट अजून वापरत नाही ना?

सांजरपेट

पायउतार, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि दर वेळी डोळे भरून आले. हेल्मेट तेच आहे. बाहेरून चांगलं दिसतं म्हणून ठेवलं होतं.

वैरण

आजच बदला. आतला थर एकदा दबला की पुढच्या वेळी वाचवत नाही, आणि तो दबलाय हे बाहेरून दिसत नाही. बुटाला टाच हवी, आणि रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद. पाय अडकून फरफटत जाणं हे पडण्यापेक्षा भयंकर.

भरधाव

सगळं वाचलं. माझे दोन घोडे सरळ झाले हे खरं, पण त्यातला एक नंतर कुणालाच हात लावू देत नव्हता, हेही खरं. ते मी जोडून पाहिलं नव्हतं. सल्ला मागे घेतो. ताई, जपून करा.

सांजरपेट (पाच आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय, क्षमस्व.

डॉक्टरांनी दातांची धार घासून काढली. खोगीर डाव्या खांद्याच्या पात्यामागे दाबत होतं. दोन्ही बाजूंनी हात घालून पाहिलं तेव्हा मलाही जाणवलं, डावीकडे बोटं शिरतच नव्हती. खोगीर बदललं. तंग कसताना कान आता मागे जात नाहीत, कधीतरीच जातात. वैरण दोनदा होती ती चार वेळा विभागली.

मोतद्दार मामांना विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, 'ती दरवेळी डावीकडूनच फिरते.' त्यांनी बघितलं होतं, मी विचारलंच नव्हतं.

पहिले तीन आठवडे दोरावर. तिची रेघ ८० मीटरवर निघाली, जुनास्वार. त्या पुढचं सगळं ती आजवर सोसत आली होती. १० पावलं, ५ पावलं, कधी शून्य. सोळाव्या दिवशी वळणापर्यंत पोचलो. एकविसाव्या दिवशी जोराचा वारा होता, मी तरी गेले. पत्र्याचा आवाज झाला, तिने दोर हिसकला आणि घरी पळाली. मी रस्त्यात एकटी उभी. त्या दिवशी वाटलं, सगळं पाण्यात गेलं.

जुनास्वार

पाण्यात गेलं नाही. वाऱ्यात घोड्याला आवाज कुठून येतोय ते नीट कळत नाही, म्हणून शहाणे घोडेही वाऱ्याच्या दिवशी बुजतात. दुसऱ्या दिवशी रेघ कुठे होती?

सांजरपेट

६० मीटरवर. पण चार दिवसांत पुन्हा वळणावर.

रानवाट

मागे राहणाऱ्या जोडीदाराचं काय? तो आतून हाका मारत असेल तर ही उत्तर देणारच. त्यालाही एकटं राहायला शिकवा. दोन मिनिटं, पाच मिनिटं, पुढ्यात वैरण टाकून. माझ्याकडे निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

सांजरपेट

हे सुचलंच नव्हतं. मामांना सांगते.

सांजरपेट (आणखी तीन आठवड्यांनी)

आज लिहायलाच हवं.

मागचे दोन आठवडे वर बसून जाते. आधी एका शांत, वयस्क घोड्याच्या मागून, मग त्याच्या शेजारून, मग त्याच्या पुढून. आज पहिल्यांदा एकटी. वारा नव्हता. मानेला पट्टा, नवं हेल्मेट, खिशात फोन, आणि मामा फाटकात उभे. निघताना माझी भीती ४ होती. वळणाच्या अलीकडे ५ झाली. तेराचा पाढा मोठ्याने म्हणत होते, तेरा सत्ते चुकले, पुन्हा सुरू केलं. काजळचा डावा कान मागे आला. घराकडे नाही, माझ्याकडे. पावलं आखूड झाली. मी डावीकडे फिरण्याची वाट बघत उजवा हात तयार ठेवला, आणि पायउतार यांनी लिहिलं तसा लांब श्वास सोडला.

ती फिरली नाही. थांबली मात्र. मी टाच दिली नाही, लगामही आवळला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग तिनेही श्वास सोडला, खोगिराखाली जाणवला, आणि पाऊल टाकलं. आम्ही वळण ओलांडलं. पुढे ३०-४० पावलांवर एक मोठं झाड आहे, तिथपर्यंत गेलो.

तिथे मी उतरले. तंग दोन भोकं सैल केला. तिने गवताला तोंड लावलं. तेवढ्यात तबेल्यातून जोडीदाराची हाक आली. तिने मान वर केली, तिकडे बघितलं, तोंडातलं गवत चावत राहिली, आणि पुन्हा मान खाली घातली.

टापा

ताई!! अंगावर काटा आला.

पायउतार

उतरल्यावर भीती कितीवर होती?

सांजरपेट

२ वर. पाय मात्र लटपटत होते, म्हणून परत येताना चालतच आले, ती शेजारून. खोगीर आज फाटकाबाहेर उतरवलं.

जुनास्वार

उद्या लांब जाऊ नका. त्याच झाडापर्यंत, आठवडाभर.

सांजरपेट

हो. उद्या वारा असेल तर दोरावरच नेईन, ८० मीटरपर्यंत.